कपाळावरची माती

लेकीच्या संघाचा कबड्डीचा सामना एका गुणाने गेला. गुडघा सोलवटला तेव्हा हूं की चूं न करणारी माझी पोर आता सहाजणींच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडत होती. मी सरबताची बाटली घेऊन रेषेबाहेर उभा. खरं सांगतो, मला त्या हरलेल्या पोरींचा हेवा वाटला. मी हरलो की आमच्या घरचेसुद्धा हसतात. असं वाटून घेतलेलं रडणं माझ्या वाट्याला कधी आलंच नाही.

तेवढ्यात तिचं लक्ष गेलं. "बाबा, कपाळाला काय लावलंयस?"

सामन्याआधी या पोरी मैदानाची माती कपाळाला लावतात. मीही गुपचूप लावली होती.

"ए, बघा गं, आपला आठवा गडी!" ती रडता रडता हसली.

तेव्हा कुठे मला तो एक गुण खरोखर झोंबला.