बोगद्यातलं अर्धं गाणं

तामलवाडीच्या सारजाबाईंना एक गाणं अर्धंच येतं. उरलेलं अर्धं, त्या म्हणतात, धरणाच्या बोगद्यात राहिलंय.

बहात्तरच्या दुष्काळात डोंगर पोखरून हा बोगदा झाला, तेव्हा सारजाबाई नुकत्याच लुगड्यात आलेल्या. आत कंदील होते, पण धुळीनं तेही आंधळे. दगडांचं घमेलं घेऊन बाहेर येणारी आणि रिकामं घेऊन आत जाणारी अशा दोघी एकमेकींवर आदळू नयेत, म्हणून बायकांनीच रीत पाडली. भरलेलीनं एक ओळ गायची. रिकामीनं पुढची ओळ गात भिंतीला सरकायचं. सारजाबाईंची जोडीदारीण नीलम्मा, अक्कलकोटच्याही पलीकडची. ती कानडीत गायची, ह्या मराठीत. शब्द कळत नव्हते, तरी गाणं जुळायचं. काम संपलं, नीलम्मा गेली, पुन्हा भेट नाही.

मग बोगद्यातून वर्षानुवर्षं पाणी धावलं. पाणी अडवणारा खालचा दरवाजा गंजला, त्याला पत्रे ठोकले. त्याच्या कडेचं रबर झिजलं, बदललं. एका पावसाळ्यात दरवाजा गाळात रुतून बसला, तर पाणबुडे आणले. तिकडं मी नाटक कंपनीत, रंगीत पडद्यांपुढं राण्या होत गावोगाव हिंडले आणि पडदे विरले तशी इथं परतले. सारजाबाई माझ्या ओट्यावर येऊन बसायच्या.

"तुमी नाटकातल्या. समदी गाणी येत्यात तुमाला. त्या नीलम्माची ओळ म्हणा की."

"अहो, मी कधी ऐकलीय ती?"

"मग कसल्या नटी तुमी!"

यंदा उन्हाळ्यात धरणाकडचा वरचा दरवाजा खाली सोडून पाणी अडवलं, बोगदा कोरडा केला आणि खालचा गंजका दरवाजा काढून नवा बसवला. चाचणीचं पाणी सोडायच्या दिवशी सारजाबाई मला ओढतच घेऊन गेल्या. आत उभं राहिलं की ओळ आठवेल, अशी त्यांची आशा. आणि पाणी आलं की संपलंच.

नीलम्माची गोष्ट साऱ्या गावासारखी मुकादम युवराजलाही पाठ होती, तरी तो वैतागला. "आजी, हे काय देऊळ हाय व्हय?"

"माझ्या डोईवरनं भाईर आलाय ह्यो डोंगर. सरक."

तो सरकला, हेल्मेट मात्र दोघींना घालायला लावलं.

आत गारवा होता, ओल्या दगडाचा वास होता. मागं राहिलेलं तोंड चंद्रासारखं दिसत होतं. सारजाबाईंनी आवाज लावला, "डोई माझी भरली गं, वाट दे साजणी..." भिंतींनी तो हळूच पुढं नेला. त्या थांबल्या. काही आलं नाही.

"शब्द न्हाय आले," त्या म्हणाल्या. मग डोळे मिटून, "पण किती येळ गायची ती, त्ये कळलं. थांबा."

पुन्हा त्यांनी ओळ घेतली, मधली नीलम्माची जागा मोकळी सोडली, आणि अचूक जागेवर आपली पुढची ओळ उचलली. आयुष्यभर मंचावर सूर ऐकले, पण शांतता इतकी सुरात कधी ऐकली नव्हती. तशाच गात, थांबत त्या बाहेर उन्हात आल्या.

वर दरवाजा उचलायच्या मनोऱ्यावरून कुणीतरी ओरडलं, "युवराजभाऊ, सोडू का पाणी?"

सारजाबाई आपली ओळ संपवून नुकत्याच थांबल्या होत्या. युवराजनं हात वर केला.

"थांब रे जरा. दुसऱ्या बाईची ओळ चालू हाय."