खोट्या हिल्डाचे पाणी

१४ मार्च २०१५ रोजी थर्लबेक मॉडेल इंजिनिअर्स क्लबच्या खात्यातून तीनशे बारा पौंड पन्नास पेन्स खर्च झाले. त्यात एक जुना संगणक, एक मोठा पडदा, दोन स्पीकर आणि वायरींचे एक भेंडोळे आले. धनादेशावर खजिनदार म्हणून माझी सही होती आणि दुसरी क्लाइव बूथची. क्लाइव आमचा बॉयलर तपासनीस. गावच्या बागेतल्या छोट्या रुळांवर धावणारे प्रत्येक वाफेचे इंजिन वर्षातून एकदा त्याच्या हाताखालून जाते. सही करताना तो म्हणाला, "एवढ्या पैशात निम्मा बॉयलर झाला असता. आणि तो तापला तरी असता."

"हाही तापेल," शेजारी उभा असलेला नेव्हिल सग्डेन म्हणाला. "फक्त तुझ्या भुवया जळणार नाहीत."

क्लाइवच्या भुवया त्या वेळी नुकत्याच परत उगवत होत्या.

नेव्हिलचा जन्म थर्लबेकचाच. यंत्रमाग बनवणाऱ्या कारखान्याच्या आरेखन विभागात त्याने सारी नोकरी केली. आरेखनाच्या लाकडी फळ्या जाऊन तिथे संगणक आले तेव्हा त्याच्या वयाचे बहुतेक जण पैसे घेऊन घरी बसले. हा राहिला आणि शिकला. त्यामुळे निवृत्त होताना त्याच्याकडे दोन विद्या होत्या, धातूकामाची आणि संगणकाची. पहिलीतून त्याने परसातल्या शेडमध्ये एक इंजिन घडवले होते. दोन रुळांत अंतर पाच इंच, इंजिन माणसाच्या गुडघ्याएवढे, पण कोळसा खरा, आग खरी, वाफ खरी. अकरा वर्षे ते काम चालले होते. तांब्याचा पत्रा हिल्डा नावाच्या मावशीने मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशांतून आला, म्हणून इंजिनाचे नाव हिल्डामावशी. ईस्टरपासून सप्टेंबर अखेरपर्यंत दर रविवारी हिल्डामावशी बेक पार्कात मुलांना फिरवायची. एका फेरीला एक पौंड. तिकिटे नेव्हिलची बायको मॉरीन फाडायची.

दुसरी विद्या क्लबला मिळाली ती या संगणकाच्या रूपाने. त्याआधीचे दोन हिवाळे खपून त्याने एक सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावर इंजिन चालवायला शिकवणारा प्रोग्राम, लिहिला होता. बाजारात मिळणाऱ्या खेळांत मोठमोठ्या आगगाड्या असतात. यात होती आमची छोटी गाडी. बोलिंगचा खेळ चालतो त्या हिरवळीमागचा चढ त्यात होता. ऑक्टोबरात ओल्या पानांनी रूळ निसरडे होतात तो वळणाचा तुकडाही होता. मागे किती मुले आणि किती मोठी माणसे बसली, त्याचे वजनही धरले जात होते. कळफलकाऐवजी खरे पितळी दांडे जोडले होते. वाफ सोडण्याचा एक, आगीला वारा देण्याचा एक आणि बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या इंजेक्टरचा एक. पडद्याच्या मधोमध होती पाण्याची काचनळी. बॉयलरमध्ये पाणी किती उरले ते तिच्यात दिसते. क्लबमध्ये त्या यंत्राला सगळे खोटी हिल्डा म्हणू लागले.

"मोठ्या इंजिनात चूक सुधारायला वीस मिनिटं मिळतात," नेव्हिल नव्या लोकांना सांगायचा. "आपल्याला मिळते एक फेरी. नळीतलं पाणी दिसेनासं झालं की आगीवरचं तांबं उघडं पडतं, बॉयलर फुटू शकतो. आणि मागे शेजारणीची पोरं बसलेली असतात. तेव्हा देखावा नंतर बघा, आधी नळी बघा."

त्यानेच समितीकडून नियम करून घेतला. खोट्या हिल्डावर एक तास पाणी न संपवता काढल्याशिवाय कुणी मुलांना ओढायचे नाही. सत्तरी ओलांडलेल्यांनी दर वसंतात ही परीक्षा पुन्हा द्यायची. तो स्वतः तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. पहिली परीक्षा त्यानेच दिली आणि चहा प्यायला निघून गेला.

बाकीचे नापास होत राहिले. क्लाइव दोनदा झाला. पाणी संपले की पडदा पांढरा व्हायचा आणि त्यावर नेव्हिलने लिहिलेली ओळ यायची, "आग काढा आणि चालत घरी जा." आमच्यातल्या एका माजी मुख्याध्यापकांनी ही भाषा अपमानास्पद असल्याची तक्रार माझ्याकडे केली. मी ती नेव्हिलला सांगितली. त्याने "कृपया" हा शब्द घातला.

असे चार वर्षे चालले. २०१९च्या मार्चमध्ये गेल फर्थ क्लबच्या चहाच्या खिडकीपाशी आली. ही बस चालवणारी बाई, नुकतीच सभासद झालेली.

"खजिनदारसाहेब, ते यंत्र बिघडलंय की मीच फार हुशार आहे?"

"काय झालं?"

"तासभर चालवलं. इंजेक्टरला हातसुद्धा लावला नाही. पाणी आहे तिथेच."

"ती बस नाही गं बाई, डेपोत कुणी टाकी भरून ठेवायला," क्लाइव म्हणाला. पण तो उठून आत गेला, खोट्या हिल्डात कोळसा टाकला, वाफेचा दांडा ओढला आणि बाहेर येऊन निवांत आपले बेकन सँडविच संपवले. बोटे पुसत पुन्हा आत गेला. नळीतले पाणी नखभर खाली गेले होते.

"ही हिल्डा नाही," तो म्हणाला. "हा थर्मास आहे."

तेवढ्यात नेव्हिल आला. डोक्यावर काळी टोपी, टोपीला क्लबच्या चालक-परवान्याचे कार्ड टाचलेले.

"ते मी दुरुस्त केलंय," तो म्हणाला. "मूळचा आकडा चुकला होता. पाणी फार भरभर संपत होतं."

"कुणाचं?" क्लाइवने विचारले.

"माझं. यंदाच्या परीक्षेत चार वेळा संपलं. पन्नास वर्षं इंजिन हाकतोय मी, क्लाइव. माझं पाणी संपत नाही. मग चूक आकड्यातच असणार की नाही?"

एखादी साधी बेरीज सांगावी तसे त्याने ते सांगितले. गेल धुतलेला कप पुन्हा धुवायला लागली. नेव्हिल शीळ घालत बागेतल्या शेडकडे गेला.

"गेल्या वर्षीही ती थोडी सोपी झाली होती," क्लाइव हळूच म्हणाला. "मला वाटलं, मीच सुधारलो."

आम्ही दोघे बाहेर रुळांपाशी जाऊन उभे राहिलो. ईस्टर महिन्याभरावर आला होता.

"त्याचं कार्ड काढून घ्यावं लागणार," क्लाइव म्हणाला.

"तपासनीस तू आहेस."

"माझा पहिला बॉयलर त्याने जोडून दिलाय. शेडमध्ये माझ्या शेजारी बसून. मी कोणत्या तोंडाने सांगू? तू आकड्यांचा माणूस, तू जा."

मी त्यांच्या घरी गेलो. नेव्हिल मागे शेडमध्ये होता. मॉरीनने दार उघडले. बोळात पक्ष्यांच्या दाण्यांची पोती एकावर एक रचलेली होती. पुढे जायला मला अंग तिरके करावे लागले.

"मोजू नकोस," ती म्हणाली. "मी मोजणं सोडलंय. दुकानात गेला की एक घेऊन येतो. चिमण्यांची चैन चाललीय."

तिने चहा ओतला. मी विषय कसा काढावा याचा विचार करत होतो.

"कशासाठी आलास ते कळलंय मला," ती म्हणाली. "डॉक्टरांकडे जाऊन आलोय आम्ही. त्यांनी नाव सांगितलं आजाराचं. यानं ते ऐकलं आणि परत येताना गाडीत मला विचारलं, डॉक्टरांकडे कोण आजारी आहे म्हणून."

"मॉरीन, रविवारी त्याच्या मागे मुलं बसतात."

"माहीत आहे. तिकिटं मीच फाडते ना!" तिने कप खाली ठेवला. "पण एक सांगते. आठवडाभर हा घरात काहीतरी शोधत फिरतो. काय शोधतोय विचारलं तर सांगता येत नाही. हिल्डावर बसला की शोधत नाही. तेवढा एक दिवस मला माझा नवरा दिसतो. तो दिवस तुम्ही काढून घेणार."

मी कपातला चहा संपवला.

"घ्यावाच लागेल," थोड्या वेळाने तीच म्हणाली. "पण त्याला दुसऱ्या कुणी सांगू नका. दुसऱ्यानं सांगितलेलं तो धडधाकट होता तेव्हाही ऐकत नव्हता. त्याचं त्यालाच कळेल असं काहीतरी करा."

दोन खाती जुळत नसली की आमच्या हिशेबनिसाच्या धंद्यात वाद घालत बसत नाहीत. मूळ पावत्या काढतात आणि पुन्हा मोजतात. मी शेडमध्ये जाऊन नेव्हिलला म्हटले, "खोट्या हिल्डाचे आता दोन आकडे झालेत, जुना आणि नवा. खऱ्या हिल्डाचं पाणी मोजून बघू या का?"

त्याचा चेहरा उजळला. "हे आधीच करायला हवं होतं. मी कसा विसरलो? बुधवारी करू. बाग रिकामी असते."

बुधवारी, ३ एप्रिलला, तो आमच्या आधी हजर होता. कोळसा एकसारखा असावा म्हणून त्याने नवी पिशवी विकत आणली होती. पावती माझ्या हातात देत म्हणाला, "हे क्लबचं काम आहे, माझं घरचं नाही." रविवारी पैसे देतो असे मी सांगितले.

टाकीत पाणी मापाने भरले. ओझे म्हणून क्लाइव, गेल, मी आणि वाळूच्या दोन गोण्या. नेव्हिल पुढे बसला आणि त्याने वाफ सोडली. त्याचे हात पाहण्यासारखे होते. आग पातळ आणि लख्ख. चढ येण्याआधी दोन चमचे कोळसा, चढावर दांडा जरासा पुढे, उतारावर बंद. पहिल्या फेरीत त्याने इंजेक्टर उघडून बॉयलरमध्ये पाणी घेतले. दुसऱ्या फेरीतही घेतले. माझ्या मनात आले, आपले चुकत असेल तर किती बरे होईल.

तिसऱ्या फेरीत बोलिंगच्या हिरवळीमागे तो मागे वळून गेलला म्हणाला, "इथे रूळ घातले तेव्हा सगळा चिखल होता. मॉरीनचा एक बूट अजून इथे खाली आहे." गेल हसली. तो पुढे पाहू लागला. समाधानात होता. नळीतले पाणी उतरत होते. क्लाइव त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत होता आणि क्लाइवच्या खांद्यावरून मी. पाणी निम्म्यावर आले, पाव उरले, मग खालच्या पितळी चाकीला टेकले. नेव्हिल स्वतः पाणी घेतो का याची क्लाइव वाट पाहत होता, त्याच्या ताठ झालेल्या पाठीत ते दिसत होते. मग त्याने हात लांबवला आणि इंजेक्टर उघडला.

"काय करतोस?" नेव्हिल दचकून म्हणाला.

"पाणी, नेव्हिल."

"आत्ताच तर घेतलं."

"नाही घेतलंस."

उरलेल्या फेऱ्यांत दर वेळी क्लाइव "पाणी" म्हणायचा आणि नेव्हिल दांडा फिरवायचा. दोघांत तेवढेच बोलणे झाले.

नंतर क्लबच्या खोलीत मी हिशेब मांडला. एका फेरीला पाऊण लिटरला थोडे कमी. नेव्हिलने कागद आपल्याकडे ओढला, खिशातून पेन्सिल काढली आणि वरपासून खालपर्यंत पुन्हा बेरीज केली. मग खालून वर.

"जुना आकडा बरोबर होता," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे चूक यंत्रात नव्हती."

तो क्लाइवकडे वळला. "मुलं बसलेली असताना कधी असं झालं?"

क्लाइवला खोटे बोलता आले असते. "गेल्या सप्टेंबरात," तो म्हणाला. "एकदा. मी स्टेशनात होतो. मी वाकून इंजेक्टर उघडला. तुला वाटलं, मी तुझी थट्टा करतोय."

"मी हसलो का?"

"हसलास."

नेव्हिलने पेन्सिल खिशात ठेवली. मग उठून खोट्या हिल्डासमोर गेला. "नवा आकडा राहिला तर ही माणसं बेफिकिरी शिकतील," तो म्हणाला. "माझ्या शेजारी बस. मी काय लिहितो ते नीट बघ. माझ्यावर सोडू नकोस." त्याने जुना आकडा लिहिला. मला मोठ्याने वाचायला लावला. मी वाचला. त्याने बदल जतन केला, मग टोपी काढली, कार्डाची टाचणी सोडवली आणि कार्ड क्लाइवच्या पुढ्यात ठेवले.

"हिल्डा मी चालवीन," क्लाइव म्हणाला. "तू माझ्या मागे बस."

"मागे बसायला मी काय सात वर्षांचा आहे?"

पण तो बसला. त्या उन्हाळ्यात दर रविवारी एक फेरी, क्लाइवच्या मागे, दोन्ही हातांनी बाकाच्या कडा धरून. मॉरीन त्याचेही तिकीट फाडायची. सुरुवातीला तो क्लाइवच्या खांद्यावरून नळी बघायचा. ऑगस्टपर्यंत तो झाडे बघू लागला. पुढच्या वसंतात बाग उघडलीच नाही, साथीमुळे त्या वर्षी कुठलीच उघडली नाही. ती पुन्हा उघडली तोवर नेव्हिल टेकडीपलीकडच्या वृद्धांच्या घरात गेला होता. एकदा क्लाइवने त्याला हिल्डाचा फोटो दाखवला. "छान केलंय कुणीतरी," तो म्हणाला.

त्या मोजणीच्या कोळशाचे पैसे मी ठरल्याप्रमाणे लगेचच्या रविवारी पाकिटात घालून नेले होते. नेव्हिलने पाकीट उघडून पाहिले आणि परत केले. "कसला कोळसा? मी कोळसा घेतलेला नाही. न दिलेल्या मालाचे पैसे मी घेत नाही." पावती दाखवली तर म्हणाला, ही दुसऱ्या कुणाची असेल. मॉरीन म्हणाली, त्याचे आहेत, मी कशी घेऊ. पुढच्या वर्षी मी पुन्हा विचारले. तिचे उत्तर तेच.

येत्या मार्चअखेर मी नोकरीतून आणि खजिनदारपदातूनही मोकळा होतो आहे. कागदपत्रे नव्या माणसाकडे देण्यासाठी लावून ठेवली आहेत. येणे काही नाही. देणे एकच आहे. नेव्हिल सग्डेन, कोळसा, सात पौंड चाळीस पेन्स.