सहा खिळे, तीन बंदुका

घरात सामान साठलं तर बलदियाची, म्हणजे इथल्या म्युनिसिपालटीची, कचरागाडी येऊन घेऊन तरी जाते. किस्से कोण नेणार? ते साठतच जातात. त्यातून नवऱ्याला छंद असले, आणि एकही छंद टिकत नसला, की मग विचारूच नका. इथे ओमानात, वादी अदाईच्या आमच्या बिल्डिंगमध्ये शुक्रवारी दुपारी दोन घरांचा मिळून चहा होतो. एक आमचं, एक शेजारच्या कांबळ्यांचं. तिसरं कुणी पाहुणं आलं की सुनंदाताई कांबळे मला कोपराने ढोसतात, "रुबिना, ते बंदुकीचं सांग ना!"

आता बंदुकीचं म्हणजे काय एकच आहे?

आमचे हे, युसुफ, मत्रहच्या बाजारात एका ओमानी अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, लोबान-अत्तराच्या दुकानात आहेत. पाच वेळचे नमाजी. सिगारेट नाही, पत्ते नाहीत. खोड एकच. कधी वर्षाने, कधी तीन वर्षांनी नवीन छंद लागतो. मी लग्न होऊन रत्नागिरीहून आले तेव्हा मासे गरवणं चालू होतं. मग गरवणं सुटलं आणि जुने रेडिओ आले. मी सातवीपर्यंत शिकलेली, पण एक गोष्ट पहिल्या वर्षातच माझ्या लक्षात आली. छंद जातो, सामान जात नाही! पलंगाखाली गळ, गळांवर रेडिओ, आणि पलंगावर आम्ही.

एकदा भर आठवड्यात हे हलव्याचा डबा घेऊन आले. मला लगेच वास आला. हलव्याचा नाही, लबाडीचा.

"आज हलवा कशाला?"

"सहज."

"सहज कुणी हलवा आणत नाही. काय ते सांगा."

"गाडीत एक वस्तू आहे गो."

वस्तू म्हणजे बंदूक! माझ्याहून उंच. जुन्या ओमानी लोकांची, वात पेटवून उडवायची, नळीच्या तोंडातून दारू भरायची. दुकानाच्या बाजूला जुन्यापुराण्या वस्तू विकणारा बसतो, त्याच्याकडची. आमचा जुन्नू तेव्हा नुकता रांगायला लागलेला. जे दिसेल ते तोंडात! मी त्याला उचलून कडेवर घट्ट धरला.

"घाबरतेस काय? शोभेची आहे. टुरिस्ट लोक भिंतीवर लावायला नेतात. मेलेली आहे ती."

"कुणी सांगितलं मेलेली आहे?"

"ज्याने विकली त्याने."

"मग काय, जिवंत आहे म्हणून सांगून विकणार होता?"

*

एकाच्या तीन झाल्या. तिसरी आली तेव्हा मी सांगितलं, बस. खलास. पण नुसतं सांगून भागणार नाही हे मला ठाऊक होतं. आमच्या भिंती एवढ्या कडक की साधा खिळा वाकून खाली पडतो. भोक पाडायला ड्रिल मशीन लागतं, आणि मशीन अख्ख्या मजल्यावर एकच, कांबळेभाऊंचं. कांबळेभाऊ नागपूरचे, एका कंपनीत इंजिनियर.

मी सुनंदाताईंना जाऊन सांगितलं, "ह्यांनी परत मशीन मागितलं तर बिघडलंय म्हणा."

सुनंदाताई म्हणाल्या, "बिघडलेलंच आहे. आत्ता, तू आलीस तेव्हापासून!"

एका बंदुकीला दोन खिळे, तिघींना सहा. मी ह्यांना बजावलं, "सातवा खिळा ठोकायचा नाही. चौथी हवी असेल तर आधी पहिली घराबाहेर. कबूल?"

"कबूल."

इतक्या पटकन कबूल म्हणाले की त्या क्षणापासून माझा संशय दुप्पट झाला.

*

बंदुका भिंतीवर आडव्या, एकीखाली एक. एक दिवस जुन्नूला झोपवताना मान वर केली, तर तिघींची तोंडं बरोबर त्याच्या खाटल्याकडे!

"आधी फिरवा. मगच चूल पेटेल."

"अगो, मेलेल्या आहेत त्या!"

"मग मेलेल्यांना काय फरक पडतो, इकडे तोंड काय नि तिकडे काय!"

फिरवल्या. पण दुसरीकडे तोंड केलं की समोर कांबळ्यांची भिंत. भिंतीच्या पलीकडे त्यांचा पलंग. मला कसंतरी वाटायला लागलं. आपलं पोर वाचवून दुसऱ्याच्या उशाशी संकट नेऊन ठेवायचं हे काही बरं नव्हे. मी जाऊन सांगितलं. कांबळेभाऊ इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

"वहिनी, खुशाल करा आमच्याकडे तोंड! आम्ही नागपूरचे. मे महिन्याला भ्यायलो नाही, ते मेलेल्या बंदुकीला भिऊ?"

त्या दिवसापासून जिन्यात मी दिसले की हा माणूस बॅग काखेत दाबून दोन्ही हात वर करायचा. "वहिनी, शूट करू नका, ऑफिसला उशीर होतोय!"

सर्वांत खालची बंदूक ह्यांची लाडकी. तिच्या बरोबर खाली आमची लोबानाची ऊददाणी. दर शुक्रवारी मी निखारे करून लोबान जाळायची. हे म्हणायचे, "तिथेच ठेव. धूर लागला की लाकडाला कीड लागत नाही." भिंतीपलीकडून सुनंदाताई ओरडायच्या, "रुबिना, छान वास येतोय गं!"

*

ईदच्या आधी पडदे धुवायला काढले. खिडकीचा दांडा खाली घेते तर हातातून निसटला आणि फरशीचा टवकाच उडाला. पडद्याच्या दांड्याला एवढं वजन? उचलून बघितला. एका टोकाला भोक, भोकात प्लॅस्टिकचं फूल खोचलेलं!

हे नमाजहून आले. मी दांडा हातात घेऊन दारातच उभी.

"हे काय?"

"दांडा."

"ह्याला भोक आहे."

"दांड्याला भोक असतं." मग माझं तोंड बघून म्हणाले, "नुसती नळी आहे ती! लाकूड नाही, घोडा नाही. तिला बंदूक मोजत नाहीत."

त्या ईदला मी ह्यांच्या ताटात मटणाची नुसती हाडं वाढली. "खा. ह्याला मटण मोजत नाहीत."

नळी दुसऱ्या दिवशी त्या विकणाऱ्याकडे परत गेली. पण मी तेवढ्यावर थांबले नाही. घरातला झाडू, पंख्याची दांडी, पाळण्याची कडी, जे जे लांब आणि गोल ते सगळं हलवून बघितलं.

*

मग अचानक ह्यांनी जाहीर केलं, बंदुकांचा कंटाळा आला. परत मासे गरवायला जाणार. मी दोन रकात शुक्रान्याची नमाज पढले! पलंगाखालून गळ निघाले, गरीची लांब पिशवी निघाली. गुरुवारी संध्याकाळी समुद्रावर जायचे, उशिरा यायचे.

पहिल्या गुरुवारी मासा नाही. दुसऱ्या गुरुवारी नाही. आम्ही कोकणातली माणसं, मासा मिळाला नाही तर निदान कुणाच्या तरी टोपलीतला विकत आणून थाप मारतो. हे रिकाम्या हाताने येतात, वर शीळ घालतात! तिसऱ्या गुरुवारी मी पिशवी हाताने तोलली. जाताना हलकी होती, येताना जड.

"मासा लागला वाटतं?"

"कुठे गो, नशीबच नाही."

"मग पिशवीत काय झोपलंय?"

"ओली झाली म्हणून जड लागते."

चेन उघडली. पिशवी ठणठणीत कोरडी, आणि आत बंदुकीचा लाकडी दस्ता! मी तव्यावर तेल घातलं, मसाला काढला आणि म्हटलं, "द्या इकडे. तुकडे करून तळते."

जन्मात पहिल्यांदा हे शुक्रवारी सकाळी बाजारात गेले. फक्त माल परत करायला.

*

मला खरी भीती पोलिसांची. परक्या मुलखात भिंतीवर तीन बंदुका! एका दुपारी दारावर थाप पडली, बघते तर युनिफॉर्म.  ह्यांची गाडी कुणाच्या तरी गेटसमोर लागली होती, तेवढंच सांगायला बिचारा आलेला. पण मी घाबरून ओली चादर उचलली आणि बंदुकांवर वाळत घातली. घरात, भिंतीवर! तो बघतच राहिला. तेवढ्यात चादर ओलीच ती, वजनाने घसरली.

हे आतून धावत आले. पोलीस पुढे झाला. एकेक बंदूक निरखली, दस्त्यावर हात फिरवला, आणि तोंड वाकडं केलं.

"बस तीन?"

ह्यांनी घसरलेली चादर उचलून धरली. 

"मेरे घर में ग्यारह है. बाप का, दादा का." आणि गाडी हलवायला सांगून निघून गेला.

दार लावल्यावर ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी काही कोर्टात केस जिंकली! "ऐकलंस? अकरा! पोलिसाच्या घरी!"

"त्याच्या घरी खिळ्यांच्या अकरा जोड्या असतील. आपल्याकडे तीन."

*

जुन्नू साडेतीन वर्षांचा झाला आणि मजल्यावरच्या मुलांत राहून हिंदी-इंग्लिश झाडायला लागला. एक दिवस ह्यांनी तेल लावायला तिन्ही बंदुका चटईवर उतरवल्या आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. मी स्वयंपाकघरात. पोर फार वेळ गप्प आहे हे ध्यानात आलं. पोर गप्प म्हणजे काहीतरी तोंडात नाहीतर नाकात!

धावत आले तर हा बंदुकांना जेवण भरवतोय. चण्यांचा वाडगा मांडीत, एकेक चणा नळीच्या तोंडात. दोघींना भरवून झालं होतं, तिसरीला भरवत होता.

"मम्मा, इसका पेट छोटा है."

"काय?"

"वो दोनों बहुत खाती हैं. ये वाली फुल हो गई."

ये वाली म्हणजे खालची, लाडकी. मी त्याला ओढून घेतला, हात-पाय-नाक तपासलं. हे आले, हसत हसत बंदुका उलट्या करून चणे पाडले.

मी विचारलं, "हिच्यात कमी का मावले?"

"हाताने केलेल्या वस्तू आहेत गो. सगळ्या सारख्या कशा असतील?"

"नळी तर बाहेरून सगळ्यांत लांब हिचीच आहे."

"तू ना," हे म्हणाले, "चण्यावर पण संशय घेतेस!"

शुक्रवारच्या चहाला हा किस्सा ह्यांनीच रंगवून सांगितला. कांबळेभाऊंनी टाळी दिली. "वहिनी, तुम्ही सीआयडीत हव्या होतात! आरोपी कोण? चणा!"

सगळे हसले. मीही हसले. पण त्यानंतर जुन्नूला मी त्या भिंतीखाली बसू दिलं नाही.

*

ह्यांनी बंदुकांना तेल लावणं सोडलं त्या दिवशी मी ओळखलं, नवीन काहीतरी येतंय. आलं! रंगीत मासे पाळायचे, काचेची पेटी, हवेचा पंप. मी म्हटलं, "जरूर आणा. पण आता छंदांनासुद्धा खिळे ठोकलेत मी. एक आत आला की एक बाहेर. आधी बंदुका, मग मासे."

ह्यांनी अर्बाबला विचारलं. अर्बाब म्हणाला, माझ्या वडिलांना दे, ते गावच्या बैठकीच्या खोलीत लावतील. शुक्रवारी नमाजनंतर दोघे बापलेक पिकअप घेऊन आले. म्हातारे बाबा डोंगरातल्या गावचे, पांढरी दाढी, कमरेला खंजर. कांबळेभाऊ आणि सुनंदाताई चहाला बसलेलेच होते. ऊददाणीत लोबान धुमसत होता.

ह्यांनी तिन्ही बंदुका चटईवर मांडल्या. बाबांनी पहिली घेतली. नळीखाली खोचलेली लांब काठी ओढून काढली आणि नळीत तोंडाकडून आत सोडली. ठक्क. जिथे काठी नळीच्या बाहेर राहिली तिथे अंगठा धरला. मग काठी बाहेर काढून नळीच्या वरून मापली. टोक बरोबर नळीच्या बुडापर्यंत पोचलं. बाबांनी मान हलवली.

दुसरी. तसंच. बुडापर्यंत.

तिसरी, लाडकी. काठी आत गेली आणि आवाज ठक्क असा आलाच नाही. मऊसा काहीतरी आला. अंगठा धरला, काठी बाहेर मापली. टोक बुडाच्या चांगलं वीतभर अलीकडेच थांबलं.

बाबांनी परत केलं. परत तेवढंच.

 बाबांनी पहिल्यांदा माझ्या ऊददाणीकडे बघितलं, मग बोटाने खूण केली, ती बाहेर ने. मी दोन्ही हातांनी उचलून बाल्कनीत नेली आणि तांब्याभर पाणी ओतलं. मी आत आले तोवर बाबा चहाच्या किटलीजवळचा पाण्याचा जग नळीत रिकामा करत होते. तोंडाने काहीतरी पुटपुटत होते.

हे म्हणाले, "अर्बाब, बाबा क्या बोलता है?"

"बोलता है, इसको कोई भर के भूल गया."

"कब?"

"इन्शाल्ला, जिसने भरा उसको मालूम होगा." मग अर्बाबने बापाचं पुढचं बोलणं ऐकलं आणि विचारलं, "बाबा पूछता है, दीवार पे इसका मुँह किधर था?"

हे भिंतीकडे बघत राहिले. मी जुन्नूला मांडीवर घेतलं. सुनंदाताईंनी नवऱ्याकडे बघितलं.

कांबळेभाऊंनी कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच. चष्मा काढला, पुसला, घातला. "आलोच," म्हणाले आणि उठून गेले.

"यल्ला, चलो," अर्बाब म्हणाला. बंदुका खाली गेल्या. पिकअप सुरू झाली, वळली, निघून गेली. भिंतीवर नुसते सहा खिळे.

आणि समोरच्या, कांबळ्यांच्या भिंतीच्या पलीकडून पलंग सरकवल्याचा आवाज यायला लागला.