लोणी काळभोरचं पत्र

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगते आहे? — कदाचित तुम्ही कर्नलसाहेबांना पाहिलेलं नाही म्हणून. ज्यांनी त्यांना पाहिलं होतं, त्यांच्यासमोर माझी जीभ रेटणार नाही.

यवतमाळहून मी पुण्यात आले तेव्हा सगळ्या कंपन्यांना सन दोन हजारची धास्ती होती. तारीख बदलेल आणि कॉम्प्युटर कोसळतील म्हणे! त्या धास्तीवर माझ्यासारख्या कितीतरी जणींना नोकऱ्या लागल्या. वानवडीत कर्नलसाहेबांच्या घरातली वरची खोली मला भाड्याने मिळाली. ते एकटेच राहत. बायको गेलेली, कंपवाताने हात थरथरणारे, चालायला वॉकर. पहिल्याच दिवशी म्हणाले, "नियम एकच. माझी कीव करायची नाही. बाकी आपण सुज्ञ आहात." मी बावीस वर्षांची, आणि ते मला 'आपण' म्हणत.

त्यांना वीरचक्र मिळालंय, हे मला त्यांच्या स्वयंपाकाच्या बाईंकडून कळलं. पदक कपाटात होतं, मोज्यांच्या खणात. मग मी रविवारी सकाळी चहाला खाली जाऊ लागले आणि त्यांच्याकडून एकेक गोष्ट काढून घेऊ लागले. काढूनच घ्यावी लागे.

एकाहत्तरच्या युद्धात ते मेजर होते. पंजाबच्या सीमेवर एका कालव्याचा बांध त्यांनी अकरा जवानांनिशी दीड दिवस धरून ठेवला. समोर रणगाडे. तीन जखमी पुढे उघड्यावर पडलेले — आणि हे तीनदा स्वतः रांगत गेले, एकेकाला ओढत मागे घेऊन आले. तिसऱ्या खेपेला मांडीत गोळी शिरली. शुद्ध आली ती शत्रूच्या इस्पितळात, कैदी म्हणून.

"भीती नाही वाटली?" मी विचारलं होतं.

"वाटली ना. पण तिच्याकडे बघायला सवड नव्हती."

असा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. नंतरही नाही.

त्या इस्पितळात शेजारच्या खाटेवर त्यांच्याच पलटणीतला किसन नावाचा नाईक होता. गाव पुण्याजवळचंच, लोणी काळभोर. महिनाभराने कैद्यांना दुसरीकडे हलवायला काढलं. सकाळची वेळ, हातभर अंतरावरचं दिसू नये असं धुकं. ट्रक रेल्वेच्या फाटकापाशी थांबला आणि या दोघांनी मागून उड्या टाकल्या. पुढे पाच दिवस ते उसाच्या फडांतून पूर्वेकडे चालत राहिले. खायला ऊस आणि शेतातले मुळे. साहेबांची मांडी पुरती भरली नव्हती. दोन दिवस किसनने त्यांना पाठीवर घेतलं. पाचव्या दिवशी नदी दिसली. पलीकडे आपला मुलूख. आणि मागून गस्तीचे शिपाई फड पिंजून काढत येत होते.

"साहेब, तुमी व्हा म्होरं. मी आलोच," किसन म्हणाला. आणि उसातून बाहेर पडला — उलट्या दिशेला, हात वर करून, मोठमोठ्याने ओरडत. गस्त त्याच्याकडे वळली. साहेब त्या बर्फासारख्या पाण्यात उतरले. मागे गोळ्या वाजल्या.

"मी वळून पाहिलं नाही," ते म्हणाले.

पुढे कैद्यांची अदलाबदल झाली, त्यात किसन नव्हता. मरताना कुणी पाहिलेला नाही, म्हणून कागदावर 'बेपत्ता' राहिला. "शत्रूच्या मुलखातून पाच दिवस चालत आलो," साहेब म्हणाले, "आणि इथून लोणीपर्यंत त्याच्या बायकोच्या दारात जायला माझे पाय उचलले नाहीत. इतकी वर्षं."

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी मला पत्र लिहायला बसवलं. त्यांना लिहिणं जमत नव्हतं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. तीन रविवार लागले. एकही सबब त्यात नव्हती. 'तुमचे यजमान माझ्यासाठी बाहेर पडले. मी पुढे गेलो. त्या गोळ्या मी ऐकल्या. ते परत येतील अशी आशा मला नाही. हे आपल्या दारात येऊन सांगायला हवं होतं, मला धीर झाला नाही. आपण जे बोलाल ते ऐकायला मी तयार आहे.' सही मात्र त्यांनी स्वतः केली. त्या एका सहीला केवढा वेळ लागला! बांधावर रांगत गेलेला माणूस मी पाहिला नव्हता, पण सही करणारा पाहिला. मला विचाराल तर दोन्ही एकच.

"पोस्टाने नको," ते म्हणाले. "त्यांना वाचता येत नाही असं ऐकलंय. समोर बसून वाचा. आणि त्या जे बोलतील — शिव्या असल्या तरी — जसंच्या तसं आणून सांगा."

मी स्कूटीवरून गेले. घर सापडलं. किसनची बायको, सखुबाई, अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. आणि माझ्या पर्समध्ये ते पत्र. म्हणजे — ही बाई अजून वाट बघतेय, आणि मी आता हिला काय वाचून दाखवणार आहे?

"कोन पायजे, बाळ?"

मी म्हणाले, "स्टेशनला कुठून जायचं?"

त्या उठल्या. मला पाणी दिलं. रस्त्यापर्यंत येऊन वाट दाखवली. मी त्याच वाटेने गेले, आणि वळसा घालून पुण्याला आले.

साहेब इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून, खुर्ची दाराकडे वळवून बसले होते. तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं, नाही का? रागावले असते, दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं. मी म्हणाले, वाचलं.

"काय म्हणाल्या? त्यांचेच शब्द सांगा."

आणि मी सांगितले. आवाजही त्यांच्यासारखा काढला. "साहेबाला म्हनावं, माज्या मनात काय बी न्हाई. जिवाला लावून घिऊ नका."

त्यांनी ते वाक्य दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं. मग डायरी मागितली आणि थरथरत्या हाताने स्वतः लिहून काढलं — माझं खोटं, अक्षर अक्षर. त्या श्रावणात ते गेले. मी अमेरिकेला गेले, प्रोजेक्टवर. पत्र माझ्या फायलीत, डिग्रीच्या सर्टिफिकेटांखाली.

इथवर वाचून तुम्हाला वाटलं असेल, हाच तो कबुलीजबाब. नाही. थांबा.

सहा वर्षांनी परत आले, हिंजवडीत नोकरी धरली, आणि एका शनिवारी लोणीला गेले. त्या अंगणात आता बंगला होता. सखुबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. त्यांची मुलगी मंदाताई भेटली. बाप युद्धावर गेला तेव्हा ती पाळण्यात होती. मी पत्र वाचून दाखवलं. ती हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली, "आई कुंकू लावूनच गेली. लष्करातलं कुनी भेटलं की पुसायची — तिकडच्या तुरुंगात अजून आपली मानसं हायेत म्हनत्यात, खरं का?"

मग तिने पत्र हातात घेतलं. वर तारीख होती. बोट ठेवून वाचली. "ह्ये लिवलं तवा आई व्हती की."

मी म्हणाले, "कर्नलसाहेबांच्या कागदांत सापडलं. आत्ता."

"म्हंजे लिवलं आन् ठिवून दिलं? धाडायची छाती झाली न्हाई व्हय साहेबाची?"

किती सोपं होतं! 'नाही ताई, छाती माझी झाली नाही' — एवढंच म्हणायचं होतं. मी काय केलं? मान हलवली. होय म्हणून.

तिने पत्राची घडी घातली, देवघरातल्या बापाच्या फोटोमागे ठेवली आणि चहा टाकायला आत गेली. मी तो चहा प्यायले.

लोणीच्या त्या घरात कर्नलसाहेब आजही भित्रे आहेत. मंदाताईचा फोन नंबर माझ्याकडे आहे. दिवाळीला मी तिला शुभेच्छांचा मेसेज करते, तीही मला करते.