सिंहहास्य, दात वगळून

धायरीच्या बागेतल्या हास्य क्लबात हसणं हा गमतीचा विषय नव्हता. श्रीनिवास खांबेटे सकाळी सहाला शिट्टी वाजवत आणि चाळीस माणसं मोजून हसत. टाळीहास्य तीस सेकंद, मौनहास्य वीस, शेवटी सिंहहास्य, म्हणजे जबडा उघडून, जीभ बाहेर काढून गर्जना. वीज मंडळात चौतीस वर्षं मीटर तपासल्यामुळे रीडिंग घेतल्याशिवाय आपल्याला हसू येत नाही, हे खांबेट्यांना ठाऊक होतं.

या सिंहाचे वरचे-खालचे सगळे दात म्हणजे कवळी होती. बत्तीस दात मागितले होते, दंतवैद्यानं अठ्ठावीसच दिले. ही गोष्ट कोणाला ठाऊक नाही, असं एकट्या खांबेट्यांना वाटे. बायकोलाही कळू नये म्हणून नऊ वर्षं ते कवळी लावूनच झोपत आले होते.

दिवाळीनंतर टाळू जळायला लागली. साधं वरणही झोंबू लागलं.

"काका, बुरशी आहे," दंतवैद्य अपूर्वा म्हणाली.

"बुरशी पावाला येते."

"झाकून ठेवलेल्या पावाला. तुम्ही टाळू चोवीस तास झाकून ठेवलीय."

तिनं क्लोट्रिमॅझोलचे थेंब दिले. जेवणानंतर कवळी काढून टाळूला लावायचे, कवळीच्या आतल्या बाजूलाही लावायचे, अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. रात्री कवळी औषधी पाण्यात. बरं वाटलं तरी दोन आठवडे पूर्ण करायचे.

खांबेट्यांनी टाळूला थेंब लावले आणि बाकीच्या सूचना इतरांसाठी असाव्यात असं धरलं. पाचव्या दिवशी बरं वाटलं, तेव्हा थेंबही बंद केले. महिन्याभरात टाळू पुन्हा लालबुंद.

"रात्री कवळी काढत होता?"

"बहुतेक."

"कवळीला औषध लावलंत?"

"आजारी मी होतो."

"म्हणजे ढेकूण मारलेत आणि गादी तीच ठेवलीत. आता दोन आठवडे कवळी फक्त जेवणापुरती."

त्या दोन आठवड्यांतच क्लबाचा वर्धापनदिन होता. सहा बागांचे क्लब येणार होते आणि सिंहहास्य खांबेटे घेणार होते. त्यांनी घेतलं नाही, तर रंगराव घेणार. रंगराव मूळचे धायरी गावचे, समोरचे तीन दात गेलेले, आणि आकडा संपला तरी हसत राहणारे. अशा माणसाच्या हाती शिट्टी जाणार, या विचारानं खांबेट्यांची टाळू आणखी जळे.

घरी बायकोनं, कुसुमताईंनी, वाटीत औषधी पाणी आणून ठेवलं. "काढा आता. घोरताना वरची खाली येते. नऊ वर्षं बघतेय."

एवढ्या गुप्ततेचा असा निकाल लागल्यावर खांबेट्यांना स्वतःची कीव यावी, पण आधी हसूच यायला लागलं. ते त्यांनी दाबलं. वेळापत्रकात नव्हतं.

रविवारी ते कवळी खिशात घालून निघाले. अर्ध्या तासानं बुरशीला काय कळणार? पण पहिल्याच रांगेत आपल्या सासूबाईंशेजारी अपूर्वा बसलेली. हात खिशातच राहिला. मग त्यांनी मास्क चढवला. मास्कआड शिट्टी नुसत्या हिरड्यांत धरवेना, म्हणून टाळ्या वाजवून हास्यं घेतली. मौनहास्य तर सलग तीनदा घेतलं, कारण नसताना.

शेवटी सिंहहास्य आलं. खांबेटे मास्कमधूनच गुरगुरले.

मागून रंगराव म्हणाले, "खांबेटे, मास्क काढा की. सिंहाला कुठं सर्दी हाय?"

आता काढला तर बोळकं दिसणार, नाही काढला तर शिट्टी जाणार. खांबेट्यांनी मास्क काढला, जबडा उघडला, जीभ बाहेर काढली. गर्जना म्हणून जो आवाज निघाला तो कुकरची वाफ जाताना येतो तसा होता.

आधी सरोजिनीबाई, म्हणजे अपूर्वाच्या सासूबाई, फुटल्या. मग रंगराव. मग सगळेच. कोणी गुडघे धरले, कोणी बाकावर बसले. आपण कसे दिसत असू हे अपूर्वाच्या तोंडाकडे बघून खांबेट्यांना कळलं आणि तेही हसत सुटले. घड्याळ बघायचं राहून गेलं.

अकरा दिवसांनी टाळू गुलाबी झाली. "आता लावा दिवसभर," अपूर्वा म्हणाली. "रात्री मात्र काढायची."

दुसऱ्या दिवशी खांबेटे अठ्ठावीस दातांनिशी बागेत आले. शिट्टी झाली, सिंहहास्य झालं, तीस सेकंद, चोख.

"छ्या," रंगराव म्हणाले. "काढा ते. पुन्हा घ्या."

खांबेट्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. मग खिशातून कवळीची डबी काढली.