रेघेखालची अक्षरं

मेमचाच्या आईंनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि खाली ठेवला. मग त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. मेमचा कसनुसं हसली.

"आई म्हणते, अक्षरं बाबांचीच आहेत, पण प्यायल्यासारखी उभी आहेत. आणि बाबा कधी प्यायले नाहीत."

मी फॉन्ट तयार करते, म्हणजे कॉम्प्युटरवर उमटणारी अक्षरं. इथे अमेरिकेत, पिस्कॅटवे गावात राहणारी मेमचा मूळची मणिपूरची. तिच्या वडिलांनी आपल्या मैतेई भाषेसाठी स्वतः एक नवी लिपी रचली आणि तीत वह्या भरून लिहिलं. ते गेले. ती वाचणाऱ्या एकट्या आई उरल्या. पेन्सिलीचं बारीक अक्षर पुसट झालेलं. फोटो मोठा केला की नुसता धूर. म्हणून मी त्या लिपीचा फॉन्ट केला होता आणि मेमचा त्यातला एकेक आकार जुळवून मोठ्या टायपात पानं तयार करत होती. आईंना ती वाचता आली नाहीत, तर वह्या कायमच्या मुक्या होणार होत्या.

माझा बॉस ग्रेग म्हणाला, "युजर एकच आहे. शिप कर, आहे तसा देऊन टाक." मी आठवडा मागितला. मार्चमध्ये माझा नवरा सुधीर गेल्यापासून मी ऑफिसात काहीच मागितलं नव्हतं. त्याने दिला.

स्कॅन आलं की आम्ही आधी वहीच्या छापील रेघा पुसतो. अक्षर स्वच्छ दिसतं. मग प्रत्येक अक्षराचा तळ एका ओळीवर टेकवतो, इंग्रजीसारखा. वीस वर्षं मी हेच करत आले. आकार पुन्हा तपासले, जाडी तपासली. चूक सापडेना.

शनिवारी फ्रिजवरची सुधीरची शेवटची यादी पुन्हा वाचली. कोथिंबीर, दही, बल्ब. अमेरिकन पॅडवरही तो अक्षरं रेघेला खालून टांगायचा, शाळेत शिकवलेली तशी.

मी मेमचाकडून मूळ वही मागवली. तिच्या वडिलांची सगळी अक्षरं वरच्या रेघेला लोंबत होती, कुणी आखूड, कुणी लांब. मी ती रेघ पुसून अक्षरं पायांवर उभी केली होती. आणि हे एका मराठी बाईने केलं होतं.

दोन दिवसांत सगळे माथे एका ओळीत आणले.

आईंनी पहिली ओळ बोट ठेवून वाचली. मग बोट सुटलं, वाचन चालूच राहिलं. दोन पानं झाल्यावर थांबून त्या मेमचाला काही म्हणाल्या.

"बाबांनी तिच्या स्वयंपाकाविषयी तक्रार लिहिलीय. यात टाइप कसं करायचं, विचारतेय. तिला उत्तर द्यायचंय."

मी मोठमोठ्या कंपन्यांसाठी फॉन्ट केले आहेत. बायोडेटात मात्र हा पहिला लिहिते. युजर: एक. आणि स्कॅनमधल्या रेघा आता सगळ्यात शेवटी पुसते.