वाकळेच्या पोटातला गूळ

जिंदगीत मी एकच वाकळ शिवली, आन तिला मुंग्या लागल्या. वाकळेत ढेकून होत्यात, उंदीर वाकळ कुरतडतो, हे समद्यांला ठाव हाय. पन मुंग्या लागलेली वाकळ सोनपेठात माझ्याआदी कुनी पाहिली नसंल.

तवा मी आडतीवर हमाली करायचो. पोती उचलायची आन दाभनानं त्येंची तोंडं शिवायची. दुष्काळ मागं पडून दोन-तीन सालं झाली हुती, आडतीत पुन्यांदा ज्वारी, तूर दिसायला लागली हुती. शाळेत मी गेलो न्हाई, पन सुतळीचा टाका असा वडायचो की पोतं गाडीवरनं पडलं तरी दाना सांडत न्हवता. कदीकदी पोत्यासंगं मीच पडायचो, ते वायलं.

घरात वाकळा करायची ती माझी कारभारीन. जुनी लुगडी, जुनी धोतरं एकावर एक आंथरायची, कडंनं धागा धरायची आन आत आत जात मदी यायची. गल्लीत कुनाचं लेकरू जन्मलं, कुनाची पोर नांदायला निघाली, की तिच्या हातची वाकळ जायची. पट्टी न्हाई, रेघ न्हाई, पन टाका कसा, ज्वारीचा दाना. बाया वाकळ उलटीपालटी करून म्हनायच्या, "माय, सुलटी बाजू कंची हाय गं हिची?" त्या वाकळांवर माझं काम एकच, घोरायचं.

त्या साली आमची लेक पैल्या बाळंतपनाला म्हायेरी आली, आन तिचे दिस भरत आले तवाच कारभारनीच्या उजव्या अंगावरनं वारं गेलं. दवाखाना झाला, तेल चोळून झालं. पाय वडत का व्हईना चालायला लागली. बोलनं तर एक दिस बंद पडलं न्हाई. पन उजवा हात मांडीवर पडून राह्यला, दुसऱ्याचा असल्यावानी.

मंग आमाला नात झाली. लेकरानं आजीच्या हातची वाकळ घेऊनच बापाच्या घरी जायचं, ही आमच्याकडची रीत. लेक आपली समजूत घालायला म्हनाली, "माय, राहू दे गं. बजारातनं एक दुलई आनू."

कारभारनीनं मान फिरवली. भिंतीकडं तोंड करून बसली. तिनं तांब्या फेकून मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी म्हनलं, "त्यात काय हाय? मी शिवतो. दिसभर काय करायलोय मी आडतीत? शिवायलोयच की!"

ती भिंतीकडं पाहूनच म्हनाली, "तुमी?"

येवढंच. पन त्या 'तुमी'त माझी समदी जिंदगी आली.

दुसऱ्या दिशी तिनं डाव्या हातानं पेटी दाखवली. तिचं जुनं हिरवं लुगडं खाली-वर, आन मदी माझी धोतरं. "धोतराची भोकं एकावर एक येऊ देऊ नका, लेकराला गार लागंल," म्हनाली. मी लय हिकडं-तिकडं सरकवली. माझ्या धोतरात भोकं सोडून जागा घावंना.

सुई येवढीशी. दाभनाची सवय असलेल्या बोटात ती सापडंना. कशीबशी एक रांग घातली आन शाबासकी मिळंल म्हनून मान वर केली.

"अवो, ही वाकळ हाय का तुरीचं पोतं? एकेका टाक्यात लेकराचा पाय अडकंल!"

"माझ्या टाक्यातनं दाना गळत न्हाई."

"लेकरू काय दाना हाय का? उसवा."

उसवलं. शिवलं. पुन्यांदा उसवलं. आडतीवरनं आलो की रोज हेच. शेजारची म्हातारी दारात उभी राहून म्हनाली, "भावजी, मला बी एक चोळी शिवून द्या की."

माझ्याआदी कारभारीनच बोलली, "शिवत्याल की. पन पोत्याच्या मापाची व्हईल बग."

एकदा आवाज आला म्हनून दाराकडं जायला उठलो, तर वाकळ बी माझ्यासंगं उठली. नेसलेलं धोतर वाकळेला शिवून ठिवलं हुतं म्या! वारं गेल्यापासनं तिचं तोंड हसताना एका बाजूला वाकडं व्हायचं, म्हनून ती हसायचीच न्हाई. त्या दिशी इसरली. पदर तोंडाला लावायचं बी राह्यलं. मी तसाच वाकळ लटकावून दारात उभा राह्यलो, जरा जास्तच येळ.

होता होता मी मदी आलो. तळहाताएवढी जागा राह्यली. ती मिटायच्या आदी वाकळेच्या पोटात ज्वारीचे चार दाने टाकायचे असत्यात. उपाशी वाकळ पांघरली की लेकरू बी उपाशी राहतंय म्हनत्यात. मी दाने हातात घेतले आन मला इचार आला. दुष्काळात ह्या लेकराच्या मायनं लय उपास काढल्यात. तिच्या लेकीच्या वाकळेला चार दान्यांवर काय भागवायचं? मी गुळाचा खडा घेतला, चांगला लिंबाएवढा. टोचू नये म्हनून बुक्कीनं फोडला, आत सारला आन वरनं शिवून टाकलं. कुनाला सांगितलं न्हाई. लय हुशार वाटलं सोताला.

सकाळी लेकीला न्यायला तिच्या सासरची मानसं येनार हुती. उन्हात टाकायला वाकळ उचलली, तर कडंपासनं मदापतोर लाल मुंग्या. आन त्येंची रांग माझ्या टाक्यांपरीस सरळ हुती.

कारभारीन म्हनाली, "काय घातलंत पोटात?"

"गूळ."

"किती?"

मी मूठ दाखवली.

"वाकळेची दिवाळी हुती का वो?"

तेवढ्यात आडतीवरनं बोलावनं आलं, गाडी भरायची हुती. मी मान खाली घालून गेलो. दुपारी परत आलो तर ती अंगनात बसलेली. वाकळ गुडघ्याखाली दाबून धरलेली आन सुई डाव्या हातात. मदलं उसवून, मुंग्या झटकून, चार दाने घालून ती वाकळेचं पोट मिटायली हुती. दोरा लेकीनं ओवून दिला हुता, पन टाका एक बी तिला घालू दिला न्हवता. ते टाके कसे? एक हिकडं, एक तिकडं, कोंबडी राखंत चालल्यावानी. माझे बी त्यापुढं सरळ दिसायले हुते.

रानीसावरगावची, लेकीच्या सासरची मानसं आली. जय भीम झाला, चहा झाला. लेकीची सासू, म्हंजी आमची इहीन, खाटंवर बसली. तिनं वाकळ मांडीवर घेतली, हात फिरवला. मदी आल्यावर हात थांबला.

"आन हे काय वो? हितं काय बकरीनं वडलं का?"

मी झटक्यात म्हनलं, "ते माझं हाय, इहीनबाई. हमालाचा हात. तरी बरं, सुतळी वापरली न्हाई!"

समदे हसले. मला बरं वाटलं. दुसऱ्याचं ओझं पाठीवर घ्यायचं, ही तर माझी रोजची सवय.

"खोटं बोलू नका," मागनं आवाज आला. कारभारीन चौकटीला टेकून उभी हुती. "कडंचं समदं त्येंचं. मदलं माझं हाय. डाव्या हातानं घातलंय म्या."

इहीन कारभारनीच्या लोंबत्या उजव्या हाताकडं पाहत राह्यली. मंग तिनं वाकळेची घडी उकलली आन मदला भाग वर येईल अशी पुन्यांदा घातली. म्हनाली, "असंच राहू द्या. आजीचा हात वर राहू द्या." आन नातीला त्यावर निजवलं.

एष्टी गेल्यावर घर एकदम रिकामं झालं. मी बिडी पेटवून बसलो. कारभारीन पाय वडत पेटीपाशी गेली.

"हितं खाली अजून एक लुगडं हाय. काडा."

मी उठलो. "शिवायला बसू का?"

"तुमी नुसता दोरा ओवा," ती म्हनाली.

तवापासनं आमच्या घरात माझं तेच काम. सुईचं भोक मला पैल्या झटक्यात कदीच घावलं न्हाई.